बुधवार, रात्रीचे आठ

1952 साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, शिक्षण काशीला आणि पॅरिसला, गाण्याची तालीम धृपदाची. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडत चालली आहे, असं त्यांचं मनापासूनचं मत होतं, आणि आता ते अमलात आणण्याची सत्ताही हातात आली होती. ऑल इंडिया रेडिओवरच्या चित्रपटसंगीताला कात्री लागली. जी थोडीफार गाणी लागत, ती लावताना चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, कारण नाव घेणं म्हणजे सरकारी खर्चानं निर्मात्याची जाहिरात करणं. निर्माते बिथरले. त्यांनी रेडिओला दिलेली परवानगी काढून घेतली आणि काही महिन्यांत देशाच्या रेडिओवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं.

हे घडत होतं ते वर्ष कुठलं, हे ध्यानात घ्यायला हवं. नौशाद, अनिल विश्वास, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन सगळे ऐन भरात होते. लताबाईंचा आवाज गल्लोगल्ली पोहोचला होता. रफी, तलत, मुकेश, गीता रॉय यांची गाणी लोक रस्त्यानं जाताना गुणगुणत होते. ग्रामोफोन आणि तबकड्या घेण्याची ऐपत मोजक्या घरांची. बाकीच्यांनी गाणं ऐकायचं ते रेडिओवर, नाहीतर कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहा घेताना. त्या रेडिओवरूनच गाणं गेलं. मग लोकांनी काटा फिरवला.

काटा जिथे जाऊन थांबला ते शहर समुद्रापलीकडे होतं. कोलंबो.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडनं आपल्या सैनिकांसाठी सिलोनमध्ये एक जबरदस्त रेडिओ केंद्र उभारलं होतं. कोलंबोजवळ एकला इथे 100 किलोवॉटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, यंत्र मागे राहिलं आणि सिलोन सरकारच्या ताब्यात आलं. 30 सप्टेंबर 1950 रोजी रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. क्लिफर्ड डॉड नावाचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ कोलंबो योजनेखाली तिथे आला होता. ही सेवा नावारूपाला आणण्यात त्याचा मोठा वाटा. भारतात रेडिओवर जाहिरातीला मज्जाव होता, सिलोनमध्ये नव्हता. भारतात साबण, चहा, टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांच्या घरात शिरायचं होतं. गिऱ्हाइकांना गाणी हवी होती. केसकरांनी दार लावलं आणि त्या क्षणी शेजारच्या घराचं दार सताड उघडं होतं.

शॉर्टवेव्हची गंमत अशी की तिची लहर जमिनीलगत फार चालत नाही. ती वर जाते, वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आपटते आणि शेकडो मैल पलीकडे खाली उतरते. म्हणून कोलंबोचा आवाज मध्य प्रदेशातल्या एखाद्या खेड्यात स्वच्छ यायचा. तो थर सूर्याबरोबर बदलतो. सकाळी जिथे स्टेशन लागतं, तिथे रात्री लागत नाही. एकाच गाण्यात आवाज लांब जातो आणि परत येतो. त्या पिढीच्या श्रोत्यांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण 25 मीटर, 31 मीटर, 41 मीटर ही भाषा दहा वर्षांच्या पोरालाही येत होती. आवाज गेला की एकानं उठायचं, एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी या खिळ्यावरून त्या खिळ्यावर न्यायची, आणि बाकीच्यांनी ‘आला, आला, तिथेच धर’ म्हणून ओरडायचं.

*

रेडिओ सिलोनवर आधी इंग्रजी गाण्यांचा ‘बिनाका हिट परेड’ चालत होता. तो गाजल्यावर बिनाका टूथपेस्ट बनवणाऱ्या सीबा कंपनीला हिंदी गाण्यांचाही असाच कार्यक्रम हवासा वाटला. मुंबईत हमीद सयानी हे इंग्रजी निवेदनातलं मोठं नाव. त्यांचा धाकटा भाऊ अमीन तेव्हा विशीत होता, सेंट झेवियर्समध्ये शिकत होता. लिहायचं, बोलायचं, आलेली पत्रं तपासायची, हे सगळं आठवड्याला 25 रुपयांत करायचं होतं. एवढ्या पैशांत एवढं काम करायला कुणी अनुभवी माणूस तयार होईना, म्हणून ते अमीनकडे आलं.

3 डिसेंबर 1952, बुधवार, रात्री आठ. ‘बिनाका गीतमाला’चा पहिला भाग. सात गाणी, अर्ध्या तासाचा ऐवज. श्रोत्यांनी ती लोकप्रियतेच्या क्रमानं लावून पाठवायची आणि बरोबर उत्तराला 100 रुपयांचं बक्षीस. चाळीस-पन्नास पत्रं आली तरी पुष्कळ झालं, असा अंदाज होता. पहिल्याच भागाला 9 हजार पत्रं आली. वर्षभरात आकडा आठवड्याला 65 हजारांवर गेला. एवढी पत्रं उघडून वाचणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं झालं, तेव्हा स्पर्धा बंद करून 1954च्या अखेरीस गाण्यांची क्रमवारी लावण्याची पद्धत आली. तीच पुढे चार दशकं देशाला पाठ झाली: खालच्या पायदानावरून एकेक गाणं वर सरकत जाणं आणि शेवटी बिगुल वाजून सरताज गीत.

कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, त्याची टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून प्रक्षेपित होऊन पुन्हा मुंबईत ऐकू यायची. गिरगावातल्या चाळीत बसून जो आवाज लोक ‘सिलोनचा’ म्हणून ऐकत, तो मैल-दोन मैलांवरच्या स्टुडिओतच बोलला गेलेला असे. सुनील दत्तही रेडिओ सिलोनवरचाच. बलराज दत्त या नावानं मुंबईत आलेला हा तरुण ‘लिप्टन की महफिल’साठी नटनट्यांच्या मुलाखती घेत होता, आणि मग एक दिवस स्वतःच पडद्यावर गेला.

अमीन सयानींच्या आवाजाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्यांची भाषा जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कुठून आली हे सांगायला हवं. त्यांच्या आई कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करत. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवलं. मजकूर एकच, साध्या हिंदुस्तानीतला, पण छापायचा देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या माणसाला अडखळायला होऊ नये, ही त्या पाक्षिकाची अट. अमीन लहानपणापासून त्या कामात आईच्या हाताखाली होते. पुढे त्यांनी रेडिओवर जी हिंदी वापरली ती हीच. ना संस्कृतानं जड झालेली, ना फारसीनं नटलेली. त्याच काळात सरकारी रेडिओवरची हिंदी अशी होत चालली होती की बातम्या ऐकताना घरातल्या शिकलेल्या माणसालाही मध्येच थांबून अर्थ लावावा लागे. आणि ज्या अमीनला देशानं डोक्यावर घेतलं, त्याला आकाशवाणीनं हिंदी निवेदनाच्या चाचणीत उच्चारांवरून नापास केलं होतं. त्याच्या बोलण्यात इंग्रजी आणि गुजरातीची छटा आहे, असं कारण दिलं होतं.

‘बहनों और भाइयों’ या त्यांच्या हाकेत बहिणी आधी आहेत. सभेत वक्ता ज्या क्रमानं बोलतो तो त्यांनी उलटा केला. रात्री आठला स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला आपलं नाव आधी घेतलेलं ऐकू येत होतं, आणि तिला ते कळत होतं.

*

त्या काळाला सोनेरी म्हणताना आपण गाण्यांची आणि आवाजांची आठवण काढतो. ती खरीच आहे. पण त्या काळाला घडवणारा खरा माणूस रेडिओच्या या बाजूला बसला होता, हातात पोस्टकार्ड घेऊन. माझा सगळा जीव या माणसात गुंतला आहे.

गाण्यांची क्रमवारी लावायला दोन आधार होते: तबकड्यांच्या दुकानांतल्या विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती. गावातल्या दहा-पंधरा जणांनी मिळून संघ काढायचा, त्याला नाव द्यायचं, शिक्का बनवायचा, आठवड्याला एकत्र बसून मत ठरवायचं आणि पत्र टाकायचं. एकट्यादुकट्याच्या पत्रांवर विसंबलं तर कुणीही ढीगभर कार्डं पाठवून आपलं गाणं वर चढवील, ही भीती होती. संघांमुळे तिला आळा बसला. कामगार वस्तीत, रेल्वे कॉलनीत, कापसाच्या पेठेत, तालुक्याच्या गावी सलूनमध्ये असे संघ होते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झालेल्या देशात लोक दर आठवड्याला एकत्र जमून, वाद घालून, मत नोंदवत होते, आणि बुधवारी आठ वाजता त्याचा निकाल सगळ्यांसमोर लागत होता. ज्यांच्या आवडीला सरकारनं कमी लेखलं होतं, त्यांनी ती आवड वहीत लिहून, मोजून, टपालानं सिद्ध केली.

झुमरी तिलैया हे नाव आपल्याला माहीत झालं ते असंच. बिहारातलं, आता झारखंडातलं, अभ्रकाच्या खाणींचं गाव. तिथून फर्माईश पाठवणाऱ्यांची अशी चुरस लागली की रेडिओवर रोज गावाचं नाव ऐकू येऊ लागलं आणि हे गाव खरंच आहे की कुणी बनवलं आहे, असा लोकांना प्रश्न पडू लागला. छत्तीसगडचं भाटापाराही असंच. फर्माईशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी ही लांबलचक नामावळी वाचली जायची आणि शहरी लोकांना तिचा कंटाळा यायचा. मला त्या नामावळीत देश दिसतो. ज्या गावात रेल्वे थांबत नव्हती, वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोहोचत होतं, तिथल्या शिंप्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, मुलांची नावं देशभर उच्चारली जात. ‘आपली आवड’मध्ये आपल्या तालुक्याचं नाव आलं की गल्लीतली सगळी घरं रेडिओचा आवाज वाढवत.

कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ हेही असेच श्रोते. रेडिओवर गाणं लागलं की त्याचा चित्रपट, साल, गायक, कवी, संगीतकार लिहून ठेवायचा नाद. त्या नादातून ‘लिस्नर्स बुलेटिन’ निघालं आणि पुढे ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे खंड उभे राहिले. आज हिंदी चित्रपटसंगीतावर कुणीही काही लिहायला बसलं की हे खंड उघडावे लागतात. विद्यापीठानं करायचं काम एका रेडिओ ऐकणाऱ्यानं केलं. मराठीत शिरीष कणेकरांनी ‘गाये चला जा’मध्ये ज्या जिव्हाळ्यानं त्या गाण्यांवर लिहिलं, तो जिव्हाळाही रेडिओनंच पोसलेला होता.

*

केसकरांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. दर शनिवारी रात्री देशभर एकाच वेळी ऐकू येणारा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, 1952 साली सुरू झाला. पंडित रविशंकरांच्या हाती वाद्यवृंद दिला गेला. संस्थानं बुडाल्यावर आश्रय गेलेल्या किती गवयांच्या घरची चूल रेडिओच्या मानधनावर पेटली! आणि सिनेमाच्या गाण्याची जागा भरून काढायला केंद्रांनी स्वतःची सुगम गाणी करावीत असं ठरलं, त्याचं सर्वांत मोठं फळ मराठीच्या पदरात पडलं. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षाहून थोड्या अधिक काळात 56 गाणी. ठरलेल्या वेळी घराघरांतून रेडिओसमोर उदबत्ती लावली जाई, असं सांगणारी माणसं अजून भेटतात. मराठी भावगीत बहरलं तेही मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांच्या स्टुडिओंमधून. हे सगळं त्या कडक धोरणाच्या सावलीत झालं.

पण सिलोनच्या खर्जापुढे सरकारला नमावंच लागलं. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. पहिलं गाणं त्यांनीच लिहिलं, अनिल विश्वासांनी चाल दिली, मन्ना डे गायले. फौजींसाठी ‘जयमाला’, छोट्या नाटिकांसाठी ‘हवामहल’, रात्री ‘छायागीत’. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर इथल्या विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली. ज्या गोष्टीला पंधरा वर्षांपूर्वी सरकारनं अब्रह्मण्यम् म्हटलं होतं, ती महाराष्ट्रातल्या तीन शहरांपासून मान्य झाली.

इंग्लंडातही नेमकं हेच चाललं होतं. बीबीसी तरुणांची गाणी फारशी लावत नव्हती, म्हणून मार्च 1964 मध्ये ‘रेडिओ कॅरोलाइन’ नावाचं केंद्र चक्क जहाजावरून, किनाऱ्याच्या हद्दीबाहेरून सुरू झालं. ऑगस्ट 1967 मध्ये कायदा करून अशी बहुतेक जहाजं बंद पाडली गेली आणि 30 सप्टेंबर 1967 रोजी बीबीसीनं स्वतःचं ‘रेडिओ वन’ काढलं. मुंबईच्या विविध भारतीवर पहिली जाहिरात लागण्याच्या महिनाभर आधी. दोन्हीकडे सरकारांनी ऐकणाऱ्याला शहाणपण शिकवायचा प्रयत्न केला आणि दोन्हीकडे ऐकणाऱ्यानं समुद्रावरून गाणं आणलं.

*

रेडिओ सिलोनच्या हिंदी सेवेचे निवेदक कोलंबोत राहून जे करत होते, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मुंबईत ध्वनिमुद्रित होणाऱ्या झगमगीत कार्यक्रमांपुढे ते काम झाकलं गेलं. विजय किशोर दुबे, गोपाल शर्मा, पुढे मनोहर महाजन, दलबीर सिंग परमार, विजयलक्ष्मी. सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी, शेवटचं गाणं सैगलचं. दिवस कुठलाही असो, आठाला पाच कमी असताना सैगल लागणार. शाळेत निघालेली मुलं, कामावर जाणारे बाप त्या आवाजावर घड्याळ लावत. सैगल 1947 साली गेला. त्यानंतर जन्मलेल्या दोन-तीन पिढ्यांना तो तोंडपाठ आहे, तो या एका नेमामुळे. कुठल्या पाठ्यपुस्तकानं केलं नसतं ते एका निवेदकाच्या आग्रहानं केलं.

तेव्हाची तबकडी 78 फेऱ्यांची, लाखेची, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटांचं गाणं. स्टुडिओत निवेदकासमोर दोन टर्नटेबलं असत. एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढची तबकडी चढवायची, सुई पहिल्या घरात ठेवायची, कानाला हेडफोन लावून हातानं तबकडी फिरवत पहिला सूर शोधायचा, तो सापडला की तबकडी थोडी मागे घ्यायची आणि कडेला बोट टेकवून धरून ठेवायची. तोंडानं गायकाचं, कवीचं, संगीतकाराचं नाव सांगायचं, शेवटच्या शब्दाबरोबर बोट उचलायचं. बोट लवकर सुटलं तर नाव गाण्यात बुडालं, उशिरा सुटलं तर मध्ये खड्डा पडला. त्यात पुन्हा समोरच्या वहीत तबकडीचा क्रमांक लिहायचा, घड्याळाच्या लाल काट्याकडे बघत बातम्यांना किती सेकंद उरले ते मोजायचं, आणि आवाजातून यातली कुठलीही धावपळ कळू द्यायची नाही. तबकडी जुनी असेल तर सुई एकाच घरात अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजे. निवेदक हलकेच सुई पुढे ढकलून माफी मागे. आकाशवाणीच्या जुन्या निवेदकांशी बोललं की ते अजूनही आठवण सांगताना उजव्या हाताचं बोट हवेत तसंच टेकवून धरतात.

गीतकाराचं नाव सांगणं हा त्या काळाचा मला वाटतो सर्वांत मोठा संस्कार. गाणं पडद्यावर नायक गातो, तबकडीवर गायक गातो. ते लिहिलं कुणी हे सांगायची जबाबदारी निवेदकानं घेतली. शैलेंद्र, साहिर, मजरूह, राजेंद्र कृष्ण, आपल्याकडे गदिमा, पी. सावळाराम, शांता शेळके ही नावं निरक्षर माणसांनाही ठाऊक झाली ती त्यामुळेच.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आता मोबाइलचे सुटे भाग आणि एलईडीच्या माळा विकल्या जातात. पण एक-दोन माणसं अशी आहेत की जुना व्हॉल्व्हचा रेडिओ नेला तर ती दुकानातलं बाकीचं काम बाजूला सारतात. अशा एका कारागिरासमोर मी बसलो होतो. त्यांनी मर्फीच्या संचाची मागची पुठ्ठ्याची पाठ काढली, आतली धूळ ब्रशनं झाडली आणि सगळ्यात आधी डायलची दोरी तपासली. काटा सरकवणारी ही बारीक दोरी तीन-चार चाकांवरून फिरते, तुटली की स्टेशन लागत नाही, आणि ती ओवायची कशी याचा नकाशा आता फक्त अशा माणसांच्या डोक्यात आहे. संच चालू केला तेव्हा पहिलं अर्धं मिनिट काहीच झालं नाही. व्हॉल्व्हमध्ये तांबूस उजेड आला, लाकडी पेटीतून तापलेल्या धुळीचा वास आला, हिरवा ‘मॅजिक आय’ उघडला आणि मग खालून वर येत गेल्यासारखा आवाज आला. काचेवर दिल्ली, मुंबई, लंडन, सिलोन अशी नावं छापलेली होती. शॉर्टवेव्हच्या पट्टीवर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. दोन-तीन परदेशी केंद्रं लागली, बाकी खरखर. सिलोनच्या घरावर काही नव्हतं. गिऱ्हाइकं हल्ली संच दुरुस्त करून घेतात आणि आत ब्लूटूथ बसवून मागतात, असं त्यांनी सांगितलं. ते बसवून देतात, पण जुने व्हॉल्व्ह काढून टाकत नाहीत.

*

पुढचं सर्वांना माहीत आहे. 1982 साली रंगीत दूरदर्शन आलं, कॅसेट स्वस्त झाली, ज्याला जे हवं ते गाणं हवं तेव्हा ऐकता येऊ लागलं. गीतमाला 1989 साली विविध भारतीवर आली आणि 1994 साली थांबली. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. 2001 साली बंगळुरूत पहिलं खासगी एफएम केंद्र निघालं, पुढच्या वर्षी मुंबईत एकापाठोपाठ एक केंद्रं सुरू झाली. निवेदकाचा आरजे झाला.

नव्या आरजेंना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. मुंबईच्या पावसात लोकल बंद पडल्यावर, रस्त्यावरच्या खड्ड्यांवरून, त्यांनी सामान्य माणसाची बाजू ज्या तडफेनं मांडली ती आकाशवाणीच्या निवेदकाला कधी मांडता आली नसती. माझी तक्रार केंद्रं चालवणाऱ्यांबद्दल आहे. कुठलं गाणं कधी लागणार हे बाजार-पाहणी आणि संगणक ठरवतात. मोजकी गाणी फिरून फिरून लागतात. गीतकाराचं नाव तर गेलंच, पुष्कळदा गायकाचंही गेलं. मुंबईसारख्या शहरात खासगी केंद्रांवर मराठी गाणं लागावं म्हणून आंदोलनं करावी लागली. श्रोत्याला निवड मिळाली म्हणतात. पण ज्या श्रोत्याचं पत्र कुणीतरी उघडून वाचत होतं, ज्याच्या मतानं गाणं एक पायरी वर जात होतं, तो श्रोता आज कुठल्या केंद्राच्या हिशेबात आहे? साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’सारखं समुदाय रेडिओ केंद्र त्या परिसरातल्या बायांच्या ओव्या आणि गाणी त्यांच्याच आवाजात ऐकवतं, तेव्हा मला जुन्या रेडिओचा वारसा तिथे दिसतो. शहरातल्या काचेच्या स्टुडिओत क्वचितच दिसतो.

अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत वारले. वय 91. त्या आठवड्यात वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं, दाखवलं. पण ऐकवायला त्यांच्याकडे होतं काय? बहुतेक सगळीकडे तेच दोन-चार तुकडे. पन्नासच्या दशकातल्या गीतमालेचे मूळ भाग आज आपल्याला ऐकायला मिळत नाहीत. टेप महाग होती. कार्यक्रम प्रक्षेपित झाला की तिच्यावर पुढचा कार्यक्रम घ्यायचा, ही रेडिओतली जगभरची रीत. सयानींनी उतारवयात ‘गीतमाला की छाँव में’ या नावानं जुन्या क्रमवाऱ्या पुन्हा निवेदन करून काढल्या, म्हणून निदान तो आराखडा उरला. ‘गीतरामायणा’चंही तेच. आपण घरोघरी ऐकतो ते बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, एकट्यानं गायलेलं. पुणे केंद्रावरून पहिल्यांदा ते माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे अशा निरनिराळ्या गळ्यांतून आलं होतं. तो अनुभव ज्यांनी घेतला ते सांगतात. बाकीच्यांच्या कानांवर तो क्वचितच पडला आहे.

सरकारी संग्रहालयं आपलं काम करतील, करोत. मुंबईत 1990 पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ची मंडळी पदरमोड करून तबकड्या आणि त्यांचा इतिहास जपत आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण रेडिओचा खरा ठेवा यांच्यापैकी कुणाकडे नाही. तो घरांत आहे. कुणाच्या वडिलांनी रेडिओसमोर माइक धरून स्पूलवर उतरवून घेतलेला बुधवार आहे, कुणाकडे श्रोता संघाचा रबरी शिक्का आणि मतांच्या वह्या आहेत, कुणाकडे सिलोनहून आलेलं उत्तराचं कार्ड, पोस्टातलं रेडिओ लायसन्सचं पुस्तक, बिनाकाच्या खोक्यातून निघालेले प्लास्टिकचे इवलेसे प्राणी.

दिवाळी आली की घरात झाडलोट सुरू होते. माळ्यावरून अशी एखादी पेटी निघाली तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती उघडून बघा. जुनी टेप हाती लागेल त्या यंत्रावर लावू नका, ती तुटते. उभी, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब ठेवा आणि जाणकाराकडून उतरवून घ्या. वहीवर नाव, गाव आणि साल लिहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून त्यांचा रेडिओ त्यांच्याच तोंडून फोनवर ध्वनिमुद्रित करा. 1952 च्या त्या पहिल्या बुधवारी जो मुलगा दहा वर्षांचा होता, त्यानं आता ऐंशी ओलांडली आहे.